दोन जनगणनांच्या मधली माणसं : अमेरिकेतल्या राज्य जनगणनांमध्ये पूर्वजांचा माग कसा काढावा

नातीच्या शाळेतून वंशवृक्षाचा कागद घरी आला, तेव्हा आमच्या बाजूच्या फांद्या अर्ध्या तासात भरून झाल्या. चुलत्यांनी छापलेला कुलवृत्तांत कपाटात होताच. गाव, गोत्र, कोण कुठे दत्तक गेलं, सगळं त्यात मांडलेलं. अडलं ते तिच्या आजोळी. आमची सून मूळची आयोवाची. तिच्या पणजीचं लग्नानंतरचं नाव सगळ्यांना पाठ होतं, पण माहेरचं आडनाव कुणालाच सांगता येईना. १९२०च्या केंद्रीय जनगणनेत ती सापडली. नातं ‘पत्नी’, जन्म आयोवा, आईवडिलांचा जन्म जर्मनी, एवढंच. मग आम्ही १९२५ची आयोवा राज्याची जनगणना उघडली. तिच्या ओळीत वडिलांचं नाव होतं, आईचं नाव होतं आणि आईचं माहेरचं आडनावसुद्धा होतं. एका ओळीनं दोन पिढ्या मागे नेलं.

अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी घरं आता बरीच आहेत, आणि ज्यांच्या सुना-जावई तिकडचे आहेत अशीही. नातवंडांना दोन्हीकडची मुळं सांगायची असतील, तर या राज्य जनगणना वाचता यायला हव्यात. केंद्रीय जनगणना शोधणारे पुष्कळ असतात, राज्यांच्या जनगणनांकडे मात्र फार कमी जण वळतात. मी ज्या क्रमानं शिकत गेलो, त्याच क्रमानं इथे सांगतो.

केंद्राची आणि राज्याची

अमेरिकेची केंद्रीय जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. १८४० पर्यंत त्यात फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे, बाकी घर म्हणजे नुसते आकडे. १८५० पासून घरातल्या (गुलाम नसलेल्या) प्रत्येकाचं नाव लिहिलं जाऊ लागलं आणि १८८० पासून प्रमुखाशी असलेलं नातंही. ही पानं ७२ वर्षं बंद ठेवून मग खुली होतात. १९५०ची पानं २०२२च्या एप्रिलमध्ये खुली झाली.

राज्यांना आपापल्या विधिमंडळाच्या जागा वाटून घ्यायला मधल्या काळातही लोकसंख्या लागायची. म्हणून काही राज्यांनी स्वतःच्या जनगणना घेतल्या, बहुतेक पाचानं संपणाऱ्या वर्षी. दहा वर्षांत माणूस लग्न करतो, गाव सोडतो, मूल जन्मून दगावतं, विधवा दुसरं घर मांडते. केंद्राच्या दोन जनगणनांच्या फटीत हे सगळं निसटून जातं. राज्याची जनगणना नेमकी त्या फटीत येते.

त्यातली सगळ्यात मोठी फट १८९०ची. जानेवारी १९२१ मध्ये वॉशिंग्टनला वाणिज्य खात्याच्या इमारतीत आग लागली. तिच्यात आणि पाण्यात १८९०ची पानं खराब झाली आणि जी उरली तीही पुढे नष्ट केली गेली. आज त्यातली सुमारे सहा हजार नावंच शिल्लक आहेत. म्हणजे १८८० ते १९०० ही वीस वर्षं केंद्राच्या दृष्टीनं कोरी. १८८५, १८९२, १८९५ या वर्षांच्या राज्य जनगणनांना म्हणूनच सोन्याचं मोल आहे.

आपल्याकडच्या वाचकाला इथे एक फरक लक्षात घ्यावा लागेल. भारतात १९४८च्या जनगणना कायद्याच्या कलम १५ नुसार व्यक्तींच्या नावानिशी केलेल्या नोंदी कुणालाही पाहता येत नाहीत. त्यामुळे आपण तीर्थोपाध्यायांच्या वह्या, कोतवाल बुक, फेरफार, शाळेचा दाखला या वाटांनी जातो. तिकडे जनगणनेचं मूळ पान, प्रगणकाच्या हस्ताक्षरासकट, घरबसल्या पाहता येतं.

आधी कागदावर काळाची पट्टी आखा

संगणकापाशी बसण्याआधी एका माणसासाठी एक कागद घ्या. डावीकडे वर्षं लिहा, मधे त्या वर्षीचं वय, उजवीकडे तो कुठे असावा आणि हे आपल्याला कशावरून कळलं. केंद्रीय जनगणनेची वर्षं एका रंगानं खुणवा. मग त्या राज्यानं कोणत्या वर्षी जनगणना घेतली ते दुसऱ्या रंगानं भरा. रिकामी राहिलेली जागा ही तुमची शोधयादी.

या पट्टीचा उपयोग किती, हे आपल्या ओळखीच्या एका उदाहरणावरून पाहू. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ मध्ये तिथून लंडनला गेले. केंद्राची एक जनगणना १९१०ची, पुढची १९२०ची. दोन्हींत त्यांचं नाव असण्याचा प्रश्नच नाही. पण न्यूयॉर्क राज्यानं १ जून १९१५ हा दिवस धरून जनगणना केली, आणि तेव्हा ते कोलंबिया विद्यापीठात होते, त्याच वर्षी एम.ए. झाले. म्हणजे त्यांच्या अमेरिकेतल्या वास्तव्याला स्पर्श करू शकणारी जनगणना ही एकच.

आता डॉ. आनंदीबाई जोशी. त्या १८८३च्या जूनमध्ये अमेरिकेत उतरल्या, न्यू जर्सीतल्या रोझेलला कार्पेंटर कुटुंबात राहिल्या आणि मग फिलाडेल्फियाला शिकून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. न्यू जर्सीनं १८८५ मध्ये जनगणना घेतली, पण तोवर आनंदीबाई पेनसिल्व्हेनियात होत्या आणि त्या राज्यानं घरातल्या सगळ्यांची नावं लिहिणारी जनगणना कधी घेतलीच नाही. त्यांच्यासाठी कॉलेजची आणि बोटीची कागदपत्रंच बघायला हवीत. मात्र ज्यांनी त्यांना घरच्या मुलीसारखं वागवलं त्या कार्पेंटर कुटुंबासाठी १८८५ची न्यू जर्सीची पानं ही योग्य जागा. पट्टी आखली की कुठे शोधायचं याबरोबरच कुठे वेळ घालवायचा नाही, हेही कळतं.

कोणतं राज्य, कोणतं वर्ष, काय विचारलं

सगळ्या राज्य जनगणना सारख्या नाहीत. राज्य बदललं की रकाने बदलतात, आणि त्याच राज्यात वर्ष बदललं तरी बदलतात. माझा वेळ सर्वांत जास्त वाया गेला तो हे न बघता शोधल्यामुळे.

न्यूयॉर्कची मालिका सर्वांत उपयोगी. १८२५ ते १८७५ दर दहा वर्षांनी, मग राज्यपाल आणि विधिमंडळ यांच्या वादात १८८५ची हुकली ती १८९२ला झाली, आणि त्यानंतर १९०५, १९१५, १९२५. यांतली १८५५ची मला विशेष आवडते. माणूस न्यूयॉर्क राज्यातच जन्मला असेल तर तो कोणत्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जन्मला ते ती सांगते, आणि त्या गावात किती वर्षं राहतो तेही. आयर्लंडहून आलेल्या कुटुंबाचं गावात येण्याचं वर्ष त्यावरून काढता येतं. १८६५ मध्ये बाईला एकूण किती मुलं झाली हा प्रश्न आहे. १८९२ मात्र कोरडी आहे : नाव, लिंग, वय, वर्ण, जन्मदेश, नागरिक की परका, व्यवसाय. नातं नाही, पत्ता नाही. तिच्यात मॅनहॅटनची पानं तर उरलेलीच नाहीत. १९०५ पासून पत्ता आणि नातं दोन्ही मिळतं. १९२५ मध्ये नागरिकत्व घेतलेल्यांना ते कधी आणि कुठल्या कोर्टात मिळालं हेही विचारलं आहे, आणि तिथून नागरिकत्वाच्या अर्जापर्यंत सरळ वाट जाते.

१९११ मध्ये ऑल्बनीच्या राज्य ग्रंथालयाला आग लागून राज्याकडच्या जुन्या प्रती जळाल्या. आज जे दिसतं ते मुख्यतः काउंट्यांच्या कचेऱ्यांत राहिलेल्या दुसऱ्या प्रतींमुळे. म्हणून एखाद्या काउंटीचं एखादं वर्ष नसेल तर तुमच्या शोधण्यात चूक आहे असं लगेच मानू नका. आधी ते पान जगात आहे का, ते तपासा.

आयोवाची १९२५ची तर मी वर सांगितलीच. आईवडिलांची नावं, आईचं माहेरचं आडनाव, त्यांचे जन्मदेश, त्यांचं लग्न कुठे झालं, सगळं त्यात आहे. १९१५ला आयोवात प्रत्येक माणसाचं वेगळं कार्ड भरलं गेलं. त्यात आदल्या वर्षीची कमाई आणि शिक्षण आहे, पण एक घर एका पानावर दिसत नाही. बापाचं कार्ड वेगळं, लेकाचं वेगळं. आडनाव, पत्ता आणि गाव जुळवून घर आपणच उभं करायचं. साउथ डकोटाच्या जनगणनाही अशाच कार्डांच्या आहेत, आणि तिथे त्या १९४५ पर्यंत चालल्या. फ्लोरिडाचीही शेवटची १९४५चीच.

कॅन्ससमध्ये १८५५ ते १९२५ दर दहा वर्षांनी जनगणना झाली. तिथे ‘कॅन्ससला कुठून आलात’ हा प्रश्न आहे. जन्म ओहायोत, पण कॅन्ससला आला मिसूरीहून, ही मधली पायरी केंद्राच्या कागदात दिसत नाही. विस्कॉन्सिनच्या १८९५ पर्यंतच्या जनगणनांत फक्त प्रमुखाचं नाव आहे. सगळ्यांची नावं फक्त १९०५च्या जनगणनेत. १८८५ मध्ये निम्मा खर्च केंद्रानं उचलला म्हणून कोलोरॅडो, फ्लोरिडा, नेब्रास्का आणि डकोटा व न्यू मेक्सिको या प्रदेशांनी केंद्राच्या धाटणीची जनगणना घेतली.

कॅलिफोर्नियात फक्त १८५२ची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिकडे गेलेल्या हिंदुस्थानी माणसांच्या शोधात तिचा काहीच उपयोग नाही. अशा वेळी बोटींच्या याद्या आणि केंद्रीय जनगणना हाच मुख्य आधार.

नाव शोधण्याआधी नाव मोडून बघा

फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर मोफत खातं उघडता येतं आणि बहुतेक राज्य जनगणना तिथे आहेत. अ‍ॅन्सेस्ट्री या दुसऱ्या संकेतस्थळाला पैसे पडतात. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्यांना मात्र राज्याच्या अभिलेखागारामार्फत तिथले न्यूयॉर्कचे संग्रह मोफत पाहता येतात. मी आधी मोफत जागा संपवतो आणि मगच पैशाच्या जागी जातो.

शोध ‘सगळ्या नोंदींत’ करू नका. त्या राज्याच्या त्या वर्षाचा संग्रह आधी उघडा आणि त्याच्या आत शोधा. सगळे रकाने भरण्याचा मोह टाळा. नाव, अंदाजे जन्मवर्ष आणि काउंटी पुरे. सापडलं नाही तर आडनाव काढून फक्त पहिलं नाव आणि वय द्या. तरीही नाही, तर त्या घरातल्या सगळ्यात वेगळ्या नावाच्या मुलाला शोधा. जॉन शेकड्यांनी असतात, पण थिओफिलस नावाचा मुलगा एखादाच. शंका असलेल्या अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह आणि शब्दाच्या शेपटीला तारा टाकला तर स्पेलिंगचे बरेच फरक एकदम येतात.

भारतीय नावांचा गोंधळ वेगळा. आपल्या नावात मधे वडिलांचं नाव असतं, आणि दारात उभ्या असलेल्या प्रगणकाला ते माहीत नसतं. भीमराव रामजी आंबेडकर यातला कुठलाही शब्द तो आडनाव म्हणून लिहू शकतो. आंबेडकर हा शब्द रोमन लिपीत ‘ए’नं सुरू होईल, ‘यू’नं होईल, क्वचित ‘ओ’नंही. म्हणून तिन्ही शब्दांची वेगवेगळी स्पेलिंगं एका कागदावर लिहून घ्या आणि एकेक तपासून खूण करत जा.

जन्मदेशाच्या रकान्यातही सावध राहा. प्रगणकानं ‘इंडिया’ तोडून लिहिलं की इंडेक्स (पानांवरच्या नोंदींची शोधयादी) करणारा ते ‘इंडियाना’ वाचतो, आणि पुण्याचा माणूस अमेरिकेतल्या राज्यात जन्मलेला ठरतो. शिवाय त्या काळी अमेरिकेत हिंदुस्थानातून आलेल्या कुणालाही ‘हिंदू’ म्हणत. १९२० आणि १९३०च्या केंद्रीय जनगणनेत वंशाच्या रकान्यात हा शब्द शिखांपुढेही दिसतो. त्यावरून धर्माचा निष्कर्ष काढू नका.

इंडेक्स हरला की पत्त्यावरून जा

इंडेक्स म्हणजे कुणीतरी हस्ताक्षर वाचून केलेली यादी. तिथे नाव नाही याचा अर्थ पानावर नाही असा होत नाही. पत्ता माहीत असेल तर पानंच उलटा.

न्यूयॉर्क शहराची १९०५, १९१५ आणि १९२५ची पानं काउंटी, मग विधानसभा मतदारसंघ, मग त्यातला निवडणूक विभाग अशी लावलेली आहेत. शोधकांच्या बोलण्यात हे ‘एडी’ आणि ‘ईडी’. पत्त्यावरून हे दोन आकडे काढायची सोय स्टीफन मोर्स यांच्या संकेतस्थळावर आहे. पत्ता नसेल तर त्या वर्षाच्या आसपासची शहराची छापील डिरेक्टरी बघा. त्यात नाव, व्यवसाय आणि घरचा पत्ता असतो.

आंबेडकरांच्याच उदाहरणानं पुढे जाऊ. न्यूयॉर्कला आल्यावर ते आधी विद्यापीठाच्या हार्टली हॉलमध्ये, मग पश्चिम ११४व्या रस्त्यावर ५५४ क्रमांकाच्या घरात असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये आणि नंतर मित्र नवल भथेना यांच्याबरोबर लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. म्हणजे आपल्याकडे तीन पत्ते आहेत. तिन्हींचे एडी-ईडी काढायचे आणि ते विभाग पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायचे. रस्त्याचं नाव बहुधा डाव्या समासात उभं लिहिलेलं असतं. प्रगणक चौकाला वळसा घालत फिरतो, दार बंद असेल तर पुन्हा येतो. त्यामुळे एकच इमारत दोन वेगळ्या पानांवर येऊ शकते. वसतिगृहात, खाणावळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस ‘लॉजर’ किंवा ‘बोर्डर’ म्हणून परक्या कुटुंबप्रमुखाखाली असतो. जून हा वसतिगृहं रिकामी होण्याचा महिना, हेही ध्यानात ठेवायचं.

नाव दिसण्याआधीच ‘काय काय जुळलं पाहिजे’ हे लिहून ठेवावं. इथे वय २४ असावं, कारण जन्म १४ एप्रिल १८९१. जन्मदेश इंडिया. अमेरिकेतली वर्षं १ किंवा २. नागरिकत्वाच्या रकान्यात ‘परका’ची खूण. न्यूयॉर्कच्या राज्यघटनेत जागावाटपासाठी परक्यांना वगळून मोजणी होत असे, म्हणून हा रकाना तिथे काळजीनं भरलेला असतो. व्यवसाय विद्यार्थी. यातल्या चार गोष्टी जुळल्या आणि नावाचं स्पेलिंग विचित्र असलं, तरी ती नोंद हातची सोडू नये. उलट नाव अगदी बरोबर आणि बाकी काहीच जुळत नसेल, तर तो दुसरा माणूस.

पान सापडलं, आता वाचायचं कसं

आधी रकान्यांची शीर्षकं वाचा. पानावर ती पुसट असतील तर त्याच संग्रहातलं एखादं स्वच्छ पान शोधून उतरवून घ्या. न्यू जर्सीच्या १८८५च्या पानावर वयाचा आकडाच नाही. पाच वर्षांपर्यंत, पाच ते वीस, वीस ते साठ, साठच्या वर, असे गट आहेत. नुसत्या खुणा बघून मी पहिल्यांदा त्या उपस्थितीच्या समजलो होतो.

मग शेजारपाजार वाचा. मागची दोन पानं, पुढची दोन पानं. त्या काळी जावई सासऱ्याच्या शेजारी शेत घ्यायचा, भाऊ भावाच्या समोर राहायचा. सूनबाईच्या पणजीचं माहेर आम्हाला मिळालं, तेव्हा त्याच आडनावाचं एक घर त्याच टाउनशिपमध्ये (काउंटीतल्या छोट्या विभागात) तीन पानं मागे होतं. आम्ही ते आधी दोनदा ओलांडून गेलो होतो.

गावांच्या हद्दी तेव्हा आजच्यासारख्या नव्हत्या, हेही विसरू नये. रोझेल स्वतंत्र नगर झालं १८९४ मध्ये. १८८५ला ते शोधायचं तर लिंडेन टाउनशिपखाली पाहावं लागतं.

वयात एखाद्या वर्षाचा फरक आला तर घाबरू नका. न्यूयॉर्कची १९१५ची मोजणी १ जूनची, कॅन्ससची १ मार्चची, केंद्राची १९१०ची १५ एप्रिलची आणि १९२०ची १ जानेवारीची. मधे वाढदिवस आला की आकडा बदलतो. पाच वर्षांचा फरक आला तर मात्र थांबा. उत्तर कुणी दिलं हे बहुतेक पानांवर लिहिलेलं नसतं. कधी घरमालकीण सांगते, कधी दहा वर्षांचा मुलगा. आणि नातं नेहमी प्रमुखाशी असतं : ‘मुलगा’ असं लिहिलेला प्रमुखाचा मुलगा त्या घरातल्या बायकोचा असेलच असं नाही. आधीच्या आणि पुढच्या जनगणनेशी ताडून पाहिल्याशिवाय आई ठरवू नये. एका घरात मी ही चूक केली आणि सावत्र आईच्या माहेराचा वर्षभर शोध घेतला. ते वर्ष अजून सलतं, कारण मुलाची खरी आई त्याच काउंटीच्या दफनभूमीच्या नोंदीत होती.

जपून ठेवणं

पानाची प्रतिमा उतरवून घ्या, नुसता दुवा ठेवू नका. फाइलला वर्ष, राज्य, काउंटी, आडनाव या क्रमानं नाव द्या, म्हणजे यादी आपोआप काळानुसार लागते. सोबत एका ओळीत लिहा : कोणती जनगणना, कोणतं वर्ष, काउंटी, गाव किंवा एडी-ईडी, पान, ओळ, कुठल्या संकेतस्थळावर पाहिलं आणि कोणत्या तारखेला. जिथे शोधून काही मिळालं नाही तेही लिहा, वापरलेल्या स्पेलिंगांसकट. नाहीतर सहा महिन्यांनी तुम्ही तीच पानं पुन्हा उलटत बसाल.

आणि प्रत्येक नोंदीखाली पुढचा कागद कोणता, ते लिहून ठेवा. १९२५च्या न्यूयॉर्कमधल्या नागरिकत्वाच्या तारखेखाली ‘कोर्टाचा अर्ज’, अमेरिकेतल्या वर्षांखाली ‘बोटीची यादी’, बाईच्या मुलांच्या संख्येखाली ‘कोणती दोन दगावली?’. आमच्या आयोवाच्या पानावर पणजीच्या आईवडिलांच्या लग्नाचं ठिकाण लिहिलं होतं, शेजारच्या राज्यातली एक काउंटी. तिथल्या कचेरीला आम्ही लग्नाच्या नोंदीच्या प्रतीसाठी पत्र धाडलं आहे. नातीनं वंशवृक्षाच्या कागदावर ते माहेरचं आडनाव शाईनं लिहिलं, आणि त्याच्या वरचे दोन चौकोन पेन्सिलनं आखून रिकामे ठेवले आहेत.